नाक की खुर्ची

अप्पांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा तर रोमच्या बादशहाला नाक नव्हतं. म्हणजे चेहऱ्यावर होतं, नाण्यावर नव्हतं. तिकडच्या कारागिरांना सगळं जमे, माळेची पानं जमत, कानाची पाळी जमे, पण नाकाशी आले की हात थरथरे. शेवटी बादशहाने गलबत पाठवून या घराण्याच्या मूळपुरुषाला बोलावून घेतलं. मूळपुरुषाने बादशहाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एका हाताने स्वतःचं नाक चाचपत दुसऱ्या हाताने त्याने ठसा कोरला आणि मजुरी म्हणून पहिलंच नाणं खिशात टाकून परतला. त्या काळी खिसे होते का, असं कुणी विचारलं की अप्पा म्हणत, "आमच्यात होते."

पुरावा घरभर हिंडत होताच. मधोमध उंचवटा आणि टोकाला खाली वाकलेलं असं ते नाक अप्पांच्या पोरांत दादाला होतं, ताईला होतं, धाकट्याला तर इतकं होतं की तो खोलीत शिरायच्या आधी त्याचं नाक शिरे. दुसऱ्यांच्या घरी पोरं छापा-काटा करत, या घरात कुठल्याही नाण्यावर नाक की खुर्ची असे. कारण अप्पांच्या गोष्टीतल्या नाण्याच्या मागच्या बाजूला खुर्चीवर बसलेली एक बाई होती. दादा थोरला म्हणून नाक मागे. धाकटा लाडका म्हणून त्यालाही नाकच लागे. उरलेली खुर्ची मधल्या ताईच्या वाट्याला येई, आणि गंमत अशी की ती बहुतेक वेळा जिंकेही.

त्या रविवारी दुपारी मात्र ताईच्या हातून एका चांदीच्या डबीची बिजागरी दुसऱ्यांदा सुटली. असं तिच्या बाबतीत कधी होत नसे. घरच्या चांदीकामाच्या कारखान्याच्या पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीखाली, तिची लाकडी चौरंगी आणि समोर ऐरण. तारुण्यात तिथं बसली ती आता केस पांढरे झाले तरी उठली नव्हती. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणे, "हात रिकामा नव्हता."

तिच्या पाठीमागे धाकटा भिंत मोजत होता. त्याचा नळांचा आणि न्हाणीघराच्या सामानाचा व्यापार. टेप ओढायचा, आकडा पुटपुटायचा आणि टेप सोडून द्यायचा. तो सटकन परत गेला की ताईचा खांदा उडे.

"ते वाजवणं बंद कर," ती म्हणाली.

"वाजवत नाही, मोजतोय. इथं आठ तोट्या एका ओळीत बसतील."

"आठ कशा बसतील?" दादा दारातून म्हणाला. वीज कचेरीतून निवृत्त झाल्यापासून तो कुठल्याही खोलीत पूर्ण आत येत नसे, पूर्ण बाहेरही जात नसे. "ही खोली दातांच्या डॉक्टरला द्यायची असं आपलं ठरलंय. शांत माणूस आहे. आवाज नाही, धूर नाही."

"दातांच्या डॉक्टरकडे आवाज नसतो? दादा, तू शेवटचं तोंड कधी उघडलंस?"

"काय ते दोघं नंतर ठरवा," वहिनी म्हणाली. ती दादाची बायको, आणि या घरात तिच्याशिवाय कुणी वाक्य पूर्ण करत नसे. "आधी मुलगी येऊ दे. ज्याच्याकडे असेल त्यानं नाणं तिच्यापुढं ठेवायचं, तिनं खरं म्हटलं की झालं."

झालं म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. धाकट्याच्या लग्नाच्या सुमारास अप्पांनी भर पंगतीत जाहीर केलं होतं की, खरं नाणं ज्याच्याकडे, कारखाना त्याचा. नाणं कुणाकडे, ते मात्र सांगितलं नव्हतं. मागच्या महिन्यात अप्पा स्टुलावरून पडले आणि ते न सांगितलेलं सगळ्यांच्या घशाशी आलं. आता अप्पा कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. कानाचं यंत्र वरच्या खिशात ठेवलेलं. ते यंत्र सोयीप्रमाणे बिघडत असे.

ताईने बिजागरी बाजूला ठेवली. पाणी प्यायला उठली, मडक्यापर्यंत गेली आणि कोरडा पेला घेऊन परत आली. तिच्याकडे एक नाणं होतं. डाक लावायच्या टाकणखाराच्या डबीत, पांढऱ्या भुकटीखाली. अप्पांनी ज्या दिवशी तोलायचा काटा तिच्या स्वाधीन केला, त्याच दिवशी ते तिच्या मुठीत दाबलं होतं आणि कानाशी वाकून म्हणाले होते, "खरं तुझ्याकडे आहे, ताई. बोलू नकोस. आणि पासंगाला हात लावू नकोस."

वर्षभर ती हवेत होती. मग एका सकाळी, उजेड तिरपा असताना, तिने त्या नाण्याची कड पाहिली आणि ते परत भुकटीखाली पुरलं. तेव्हापासून तिने ती डबी क्वचितच उघडली. आपल्याकडचं खोटं, म्हणजे खरं दोघांपैकी एकाकडे. तो बोलत नाही तोवर आपण बसायचं. अशी ती बसली होती. आज तो बोलणार होता.

पुतणी आली ती घाईघाईत, खांद्याला पिशवी अडकवून. दादाची ही मुलगी संग्रहालयात नाण्यांच्या विभागात होती. अप्पा तिला बादशहाची कारकून म्हणत. तिने ऐरणीशेजारच्या फळीवर काळं मखमली फडकं पसरलं, भिंग काढलं आणि म्हणाली, "हं, कुठंय?"

धाकट्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यातून एक नाणं ओढून फडक्यावर टाकलं.

"काका, भोक कुणी पाडलं याला?"

"मीच. नशिबाचं आहे, जवळ असावं." त्याने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. "अप्पांनी मला लग्नात दिलं. म्हणाले, खरं तुझ्याकडे आहे, बोलू नकोस. मी बोललो का? बायकोलासुद्धा परवाच सांगितलं."

दादा दारातून पूर्ण आत आला. ही गोष्ट इतकी क्वचित घडे की वहिनीने मान वळवून पाहिलं. त्याने चष्म्याचं घर उघडलं, अस्तर उचललं आणि त्याखालचं नाणं धाकट्याच्या नाण्याशेजारी ठेवलं.

"हे कुठून आणलंस?" धाकट्याने विचारलं.

"अप्पांनी दिलं. खरं आहे म्हणाले."

"मला म्हणाले खरं आहे."

दोघांनी एकदम अप्पांकडे पाहिलं. अप्पा हलकेच घोरत होते.

"आणि एवढी वर्षं मला सांगितलं नाहीत?" वहिनी म्हणाली.

"बोलू नकोस म्हणाले होते."

"मी काय कुणीतरी होते?"

कारखाना बंद करण्यावर सकाळपासून एक असलेले दोघे भाऊ आता फळीच्या दोन टोकांना उभे राहिले. आणि एक मजेशीर गोष्ट झाली. दोघेही ताईशी गोड बोलू लागले.

"ताई, नाणं माझं खरं ठरलं तरी तू काळजी करू नकोस," धाकटा म्हणाला. "तुला कोपरा ठेवतो. नळांच्या मागं. गिऱ्हाइकाला दिसणारही नाहीस."

"डॉक्टरला मी सांगतो," दादा म्हणाला. "मागच्या दारी पत्र्याचा आडोसा आहे. पावसाळ्यात जरा गळतो, बाकी हवेशीर."

"उपकार आहेत दोघांचे," ताई म्हणाली. आणि पुन्हा पाण्याला उठली.

पुतणी नाण्यांवर वाकली. खोलीत बराच वेळ फक्त भिंगाची चौकट फळीवर घासल्याचा आवाज होता. धाकट्याला राहवेना. तो टेप थोडा ओढी आणि अंगठ्याने अडवून धरी.

"तिबेरियस बादशहा," ती म्हणाली. "अक्षरं तीच आहेत. उजवीकडे तोंड, डोक्यावर पानांची माळ. मागे बसलेली बाई, एका हातात दंड, एका हातात फांदी. कुणी म्हणतं शांतीची देवता, कुणी म्हणतं त्याची आईच आहे ती. नाणं असंच असतं. नाक जरा जास्त आहे."

"ते आमचं आहे," वहिनी कोरडेपणाने म्हणाली.

"पण बाबा, काका, इकडे या. दोन्ही शेजारी बघा. माळेचं वरचं पान कुठं कापलंय?"

"दोन्हींत तिथंच," दादा म्हणाला.

"हनुवटीखालचा हा खवला?"

"दोन्हींत."

"मग जमलं की," धाकटा म्हणाला. "दोन्ही खरी. एका आईची लेकरं."

"तीच तर अडचण आहे, काका. बादशहाची नाणी हातोडीने पाडलेली. खाली एक ठसा, वर एक ठसा, मधे चांदीची तापलेली चकती, आणि वर घाव. माणसाचा हात तो, दर वेळी जरा सरकणारच. एका नाण्यात कपाळ कापलं जातं, एकात खुर्चीचा पाय बाहेर जातो. इतकी जुळी नाणी घावाने होत नाहीत, ओतून होतात. एकाचा साचा घ्यायचा आणि त्यात चांदी ओतायची. पृष्ठभागावर ही टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात ना? ती हवा आहे, ओतताना अडकलेली."

"म्हणजे याचं माझ्यावरून ओतलंय," दादा म्हणाला.

"तुझं माझ्यावरून."

"भोकं दोन्हींत आहेत," ती म्हणाली. "दोन्ही तिसऱ्या कशावरून तरी ओतलीत."

खोलीतली सगळी नाकं हळूहळू खिडकीकडे वळली.

"वन्सं," वहिनी म्हणाली, आणि तिचा आवाज अचानक मऊ झाला, "तुमच्याकडे काही आहे का?"

क्षणभर ताईच्या मनात आलं, नाही म्हणावं. टाकणखाराची डबी तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होती. मग तिने ती उघडली, दोन बोटांनी नाणं काढलं, पदराला पुसलं आणि त्या दोन्हींच्या शेजारी ठेवलं.

"भिंग लावू नकोस," ती पुतणीला म्हणाली. "ओतीवच आहे. साच्याची शिवण राहिली होती, ती कडेने कानस फिरवून काढलीय. कानस अप्पांची. तिचा एक दात मोडलाय, जिथं फिरते तिथं दुहेरी रेघ उठते. रोज वापरते मी ती."

पुतणीने तरीही भिंग लावलं. माळेचं पान तिथंच कापलेलं. खवला तिथंच.

"कधीपासून माहीत होतं तुला?" दादाने विचारलं.

"पुष्कळ दिवस."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तेव्हाच उठावं लागलं असतं."

पुढचं धाकट्याला सुचलं. "म्हणजे खरं कुणाकडेच नाही. म्हणजे नियम बाद."

"बादच," दादा म्हणाला. फळीच्या दोन टोकांचे भाऊ पुन्हा मध्यावर आले. "मग सरळ हिशेब. कारखाना तिघांचा. दोघांना बंद करायचाय."

"एक भिंत मला, बाकी खोली तुझ्या डॉक्टरला. दातांना पाणी लागतंच."

"आत्याचं काय?" पुतणीने विचारलं.

"आडोसा आहे ना," दादा म्हणाला, पण ताईकडे न बघता.

ताईने ती सुटलेली बिजागरी हातात घेतली, खाली ठेवली, चिमटा उचलला, तोही खाली ठेवला. बसलेल्या जागी तिचे पाय चालत होते. या खिडकीतून सकाळी उजेड कुठून येतो आणि दुपारी कुठे जातो, भट्टीचा कुठला दगड तडकलाय, कुठली हातोडी कशाला, सगळं तिच्या अंगात होतं, आणि ते घेऊन पत्र्याखाली कसं बसायचं हे तिला कळेना.

धाकटा जोरात होता. त्याने टेपचं टोक खिडकीच्या चौकटीला लावलं आणि ओढत भिंतीने निघाला. वाटेत काटा आला. पितळी दांडीचा, दोन पारड्यांचा जुना काटा, खुंटीवरून लोंबणारा. त्याचं डावं पारडं पहिल्यापासून हलकं. ते उजव्याशी जुळावं म्हणून डाव्याच्या तळाला एक काळा गोळा चिकटवलेला होता. लाख, काजळी आणि कित्येक वर्षांची धूळ. तोच पासंग.

"हा जरा सरकव ताई, टेप जात नाही," धाकटा म्हणाला, आणि ताई उठायच्या आत त्यानेच पारड्याखाली हात घातला.

"पासंगाला हात लावू नकोस."

अप्पांचे डोळे मिटलेलेच होते. यंत्र खिशातच होतं.

"ऐकू येतंय यांना," वहिनी म्हणाली.

पण ताईला दुसरंच ऐकू येत होतं. कानाशी वाकलेलं ते जुनं कुजबुजणं. खरं तुझ्याकडे आहे. बोलू नकोस. आणि पासंगाला हात लावू नकोस. पहिल्या वाक्याला तिने आयुष्यभर धरून ठेवलं होतं. शेवटचं इतकं रोजचं होतं की ते वाक्य आहे हेच ती विसरली होती. त्या दिवशी अप्पांनी तिला दोन गोष्टी दिल्या होत्या, नाणं आणि काटा. ती मुठीतली धरून बसली.

तिने धाकट्याचा हात बाजूला केला, पारडं सोडवून घेतलं आणि उपडं केलं. गोळा अंगठ्याने दाबून पाहिला. गोल होता. आणि चपटा.

"स्पिरिटचा दिवा दे," ती पुतणीला म्हणाली.

लाख तापली तसा जुन्या कारखान्याचा वास खोलीभर पसरला. ताईने पातळ पातं काजळीखाली सरकवलं. इतका वेळ न थांबलेले तिचे हात आता दगडासारखे स्थिर होते. काळं कवच निघालं. आधी माळ दिसली, मग कान, मग हनुवटी.

कुणीच टेप वाजवला नाही.

पुतणीने ते गरम नाणं चिमट्याने फडक्यावर घेतलं. भिंग लावलं, काढलं, पुसलं, परत लावलं. "अक्षरं उठून उभी आहेत," ती पुटपुटली. "भोक एकही नाही. कडेला बारीक चिरा आहेत, घावाने चकती फाकते तेव्हाच्या. खवल्याची धार अजून बोटाला लागते." मग ती थांबली. "पण एक गोष्ट जुळत नाही."

"काय?" चौघांनी एकदम विचारलं.

"नाक. याचं सरळ आहे."

धाकट्याने सुस्कारा सोडला. "म्हणजे हेही खोटं."

ताईने तिन्ही ओतीव नाणी तळहातावर घेतली, उजेडाकडे तिरपी धरली आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्यांच्याकडे पाहून हसली. "साचा ओल्या वाळूचा असतो. नाणं दाबून काढलं की वाळूत खळगा उरतो. त्या खळग्याला नाकाशी नखाने थोडं खोल उकरलं, की चांदीत उंचवटा येतो. अप्पा, बादशहाचं नाक उकरलंत तुम्ही?"

अप्पांनी एक डोळा उघडला. "सांगत नव्हतो? तिकडच्या कारागिरांना नाक जमत नव्हतं."

पुतणी फळीवर डोकं टेकून हसली. दादाचा हात नकळत स्वतःच्या नाकाकडे गेला होता, तो त्याने खाली घेतला.

"खरं आहे," पुतणी डोळे पुसत म्हणाली. "हेच खरं आहे."

धाकटा व्यापारी होता. तो लवकर सावरला. "असेल. पण पासंग काट्याचा. काटा कारखान्याचा. कारखाना तिघांचा. म्हणजे नाणं तिघांचं, आणि दोघं..."

"काटा कुणाला दिला होता?" अप्पांनी विचारलं.

धाकट्याने दादाकडे पाहिलं. तो तेव्हा शाळेत होता, त्याला माहीत नसण्याची सोय होती. दादाला नव्हती. त्या दिवशी खुंटी त्यानेच ठोकली होती. तो खिडकीबाहेर बघत राहिला. रस्त्यावरून एक हातगाडी गेली, तिचं एक चाक कुरकुरत होतं, ते ऐकू येईनासं होईपर्यंत तो बघत राहिला. वहिनी त्याच्याकडे बघत होती.

"ताईला," दादा म्हणाला. मग जरा मोठ्याने, "माझ्यासमोर दिला. काटा ताईचा."

"आयुष्यभर ओरडून सांगतोय," अप्पा म्हणाले. आता दोन्ही डोळे उघडे होते. "तुम्ही दोघं हिच्या पासंगाला पुरायचे नाहीत. तुम्हाला वाटलं टोमणा मारतोय. मी पत्ता सांगत होतो."

"मग आम्हाला ही कशाला दिलीत?" धाकट्याने भोक पाडलेलं नाणं नाचवत विचारलं.

"किती गुणाने राहिलात बघ ना. खरं आपल्याकडे आहे म्हणून एक भाऊ दुसऱ्याशी भांडला नाही. आणखी दोन पोरं असती तर आणखी दोन ओतली असती."

"हिच्याशीही खोटंच बोललात," दादा म्हणाला.

"हिला काय म्हणालो ते तिला विचार. शब्द न् शब्द खरा होता. हिनं मूठ बघितली, मी काय करू?"

ताईला राग यायला हवा होता. आलाही, पण आत कुठेतरी, आणि तो बाहेर येईपर्यंत तिचं लक्ष काट्याकडे गेलं. डाव्या पारड्याविना दांडी उजवीकडे कलली होती. ते वाकडेपण तिला बघवेना.

"आत्या, नको ना," पुतणीने ओळखलं. "मला आठवडाभर नेऊ दे. असं नाणं कुणी लाखेत..."

"फोटो काढ. दोन्ही बाजूंचे. लाख थंड व्हायच्या आत."

पुतणी फोटो काढत असताना धाकटा हळूच जवळ सरकला. बसला. लहानपणी काही हवं असलं की बसायचा तसा, पायावर पाय दुमडून. "ताई, निदान ती एक भिंत. चार तोट्या. तुझ्या कामात येणार नाही. नाणेफेक करू हवं तर. खरं नाणं आहे, खोटं पडायचं नाही."

ताईने नाणं चिमट्यात उचललं. एकीकडे सरळ नाकाचा तो बादशहा. दुसरीकडे ती बाई, हातात दंड घेऊन, ताठ, कुणाच्या बापाला न भिता बसलेली. तिने चौरंगी पुढे ओढली आणि तिच्यावर बसली.

"मी खुर्ची," ती म्हणाली.

"फेक तरी आधी."

"कशाला? बसलेय ना."

तिने पारडं उपडं केलं, बाई आत आणि बादशहाचं तोंड बाहेर असं नाणं तळाला ठेवलं, वरून तापती लाख थापली आणि पारडं पुन्हा साखळीला लावलं. काटा कितीतरी वेळ डावीउजवीकडे डुलत राहिला. सगळे त्याच्याकडे बघत उभे होते, अप्पासुद्धा मान उंचावून. मग तो मध्यावर आला आणि ताईने ती बिजागरी पुन्हा हातात घेतली.